दादूसचे दोन रांजण

आमच्या दादूसचे ट्रेलर न्हावा शेवा बंदराला धावू लागले आणि आमच्या घराला हॉल आला. त्याआधी नुसती ओटी होती. हॉल म्हटला की शोभा हवी, म्हणून माझ्या या थोरल्या भावाने कमरेएवढ्या उंच दोन चिनी फुलदाण्या आणल्या. निळे ड्रॅगन, सोनेरी काठ. पाहुण्याने चपला काढायच्या आत दादूस सांगायचा, "हाताने रंगवलेल्या हायत." कोणाच्या हाताने, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. फूल मात्र त्यांत एकही गेलं नाही. एवढ्या लांब दांड्याचं फूल आमच्या तालुक्यात उगवत नाही.

आईने जुन्या घरातली मडक्यांची उतरंड आणायचा हट्ट धरला होता. दादूस म्हणाला, "हॉलात मडकी? लोक काय बोलतील!" मडकी गेली. पुढे पाहुणे आले की आईनेही आतल्या खोलीत जायचं, असं कोणी न ठरवताच ठरून गेलं. तिचं गुडघ्यापर्यंतचं लुगडं आणि खणखणीत आवाज सोफ्याला मॅच होत नव्हता. मला फार राग यायचा. माहेरी आल्यावर मी दादूसशी दोनदा भांडलेसुद्धा. "तू चार दिवसांची पाहुणी, तुला काय कळतंय इथलं," एवढं ऐकून चहा प्यायले.

मग माझ्या भाचीला, दादूसच्या मुलीला, बघायला पनवेलकडची मंडळी आली. मुलाच्या आईच्या अंगावर आमच्या हॉलाला लाजवील एवढं सोनं. तिने बसल्या बसल्या विचारलं, "आजी कुठं हायत?"

"तिला जरा बरं न्हाय," दादूस म्हणाला आणि लगेच फुलदाण्यांकडे वळला. ड्रॅगन झाले, काठ झाला, हाताचं रंगकाम झालं. बाई उठली आणि बाजारात मडकं घेताना मारतात तशी तिने एकेका फुलदाणीला टिचकी मारली. पहिली छान वाजली. दुसरी ठप्प.

"ह्यो रांजण भरलाय."

"छे छे, शोभेचा हाय," दादूस हसला.

तिने बांगड्या मागे सारून कोपरापर्यंत हात घातला आणि मूठ बाहेर काढली. कीड लागू नये म्हणून राखेत घोळवलेले वाल! राख पांढऱ्या सोफ्यावर सांडली. दादूसचा चेहरा त्याच रंगाचा झाला.

"कोणी भरला?" बाईने विचारलं.

आतून आवाज आला, नेहमीसारखाच खणखणीत, "मी! रिकामा रांजण दारात कोण उभा करतं?"

"आवं, मग तुमी आत का बसल्या? भायेर या की!"

आई आली आणि त्या सोफ्यावर पहिल्यांदाच बसली, चांगली पाय वर घेऊन. दोघी वालांच्या गप्पांत अशा रंगल्या की मुलगी बघायची राहिली होती, हे मुलालाच सांगावं लागलं. निघताना बाईने विचारलं, "आनि दुसरा का रिकामा?"

आईने दादूसकडे बघितलं. "तो त्याचा हाय. त्याला तसाच आवडतो."

आम्ही सगळे हसलो. सर्वांत मोठ्याने दादूस.

पाहुणे गेल्यावर तो बराच वेळ सोफा झटकत राहिला. मग रिकाम्या फुलदाणीपाशी जाऊन त्याने हळूच टिचकी मारली. ती सुरेख वाजली.

"आई," तो खालच्या आवाजात म्हणाला, "यातपन कायतरी भर."

"भरीन की," आई म्हणाली. ती सोफ्यावरून हललीही नव्हती. "पन राख हितंच बसून चाळीन. पाहुण्यांदेखत."