माझ्या सुनेचा ववसा

मुलाने बायको सोडली, पण मी सून सोडली नाही. एवढी साधी गोष्ट आमच्या गावाला अजून पचलेली नाही.

कोर्टाचा कागद हातात पडला त्या दिवशी ती माणगावहून घरी आली आणि थेट कपडे भरायला बसली. मी म्हटलं, "कुठे निघालीस?"

"भावाकडे. आता कुठल्या नात्याने राहू, आई?"

"भावाच्या दोन खोल्यांत तू मावणार कुठे? आणि भात लावायला मी एकटी उतरू का? ठेव ती बॅग आत."

आमचं दोघींचं फार गोड आहे असं नाही हं. चहात साखर किती, यावरून सकाळी सकाळी जुंपते आमची. पण माझे यजमान अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांचं हगणं-मुतणं हिने काढलं, आणि माझा मुलगा तेव्हा मुंबईत दुसरा संसार मांडत होता. हे मी विसरू? का म्हणून?

यंदा गौरी पावसाच्या पूर्वा नक्षत्रात आल्या. अशाच वर्षी आमच्याकडे सून पहिला ववसा भरते. सुपात फळं, भाज्या, विडे, नारळ ठेवून गौरीपुढे ओवाळायचं, मग ते सूप मोठ्यांच्या हातात द्यायचं, सगळ्यात आधी सासूच्या. ववसा भरला की ती त्या घराची झाली. हिच्या लग्नापासून असा योगच आला नव्हता.

मुलाचा फोन आला. "आई, आम्ही दोघं येतोय. सुपं आणून ठेव, ही ववसा भरेल. आणि तिला तेवढे दिवस कुठेतरी पाठव."

तिला म्हणे! माझा पाराच चढला. "या की. मोदक खा, नाचा. पण सुपं आणलीत ती माझ्या सुनेची. तुझी बायको पुढच्या खेपेला भरेल, तिच्यावर माझा राग नाही."

"ती तुझी कोण लागते आता?"

"तुझी कोण लागते ते कोर्टाने ठरवलं. माझी कोण ते मी ठरवणार."

त्याने फोन ठेवला आणि तो आलाच नाही. मी रडले, खोटं कशाला बोलू? पोटचा पोर आहे. पण सुपं परत केली नाहीत.

गौरीपूजनाला माझी थोरली जाऊ चार बायका घेऊन येऊन बसली. "नवरा न्हाय, न् ववसा कसला गो भरताय?"

"सूप माझ्या हातात येणार," मी म्हटलं, "तुमच्या पोटात का दुखतंय?"

सुनेने ओवाळलं आणि सूप घेऊन ती माझ्यासमोर आली. सूप देताना नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्याकडे रीत. जाऊ त्याचीच वाट बघत बसली होती.

"घे गो नाव! कुनाचं घेतेस बघू दे."

बाकीच्या तोंडाला पदर लावून हसल्या. माझ्या अगदी ओठांवर शिवी आली होती. तेवढ्यात सुनेने मान वर केली आणि नाव घेतलं. माझं. यमकबिमक काही नाही, नुसतं नाव, पण खणखणीत, अंगणापर्यंत जाईल असं.

मी सून होऊन या घरात आले तेव्हापासून अमक्याची बायको आणि तमक्याची आई होते. या भिंतींनी माझं नाव कधी ऐकलंच नव्हतं. बायकांच्या तोंडावरचे पदर खाली आले. मी दोन्ही हातांनी सूप घेतलं.

"पुन्हा घे नाव," मी म्हटलं. "जाऊबाईंना नीट ऐकू आलं नाही."