धुक्याखालची इनासिया

तव्यावर दुसरं घावन पडलं आणि पुढच्या दारावर टकटक झाली. किशोरी चमकली. शिरोड्याच्या त्या वाडीत दार वाजवायची रीतच नव्हती. माणूस खळ्यातूनच हाक मारत आत यायचा. दारात शेजारचे फॉस्टिनकाका उभे होते, नव्या पाहुण्यासारखे.

"काका, दार कित्या वाजवतास? घर परक्याचा आसा?"

काका हसले नाहीत. त्यांची नजर किशोरीच्या खांद्यावरून भिंतीवरच्या चित्राकडे गेली होती.

किशोरीच्या लग्नात, सोळा वर्षांपूर्वी, त्यांनीच दिलेलं ते चित्र. पहाटेची खाडी, धुकं आणि एक रिकामी होडी. पाहुणे विचारत, यात बघायचं काय? पण दुपारी घर निजलं की किशोरी त्याच्यासमोर घटकाभर बसे, आणि डोक्यातला कलकलाट थांबे.

काकांचं पोट चाले लग्नाबारशांच्या फोटोंवर. जीव मात्र धुक्यात. थंडीत पहाटे खाडीचे फोटो काढायचे आणि त्यांवरून घरी तैलरंगात चित्रं करायची. चौकटीत माणूस आलेला त्यांना खपत नसे. आणि नेमकी तेव्हाच, ओहोटीला, त्यांची बायको इनासिया तिसऱ्या, खाडीतल्या शिंपल्या, काढायला चिखलात उतरलेली असे.

"गो, बाजूक हो!"

"खाडी तुज्या बापाशीची काय रे? दुपारी तिसऱ्यो वाडताना सांग माका, बाजूक हो म्हणान!"

कमरेवर टोपली टेकवून ती वेडावून दाखवी. मग बाजूला होई. दर वेळी झाली.

गेल्या जानेवारीत ती गेली. येत्या रविवारी चर्चमध्ये तिच्या वर्षाची मिस्सा, आत्म्यासाठीची प्रार्थना. तिथे ठेवायला तिचा फोटो हवा म्हणून काकांनी चार ट्रंका उपसल्या. अर्ध्या वाडीची लग्नं निघाली, धुकं तर ढिगाने निघालं. इनासिया मिळाली ती फक्त आधार कार्डावर, दुसऱ्याच कुणी काढलेली.

"ह्या चित्रात ती होती," काका म्हणाले. "होडयेच्या बाजूक, टोपली घेवन. पुरी रंगवलेली. मगे माका वाटला, तिच्यान शांतता मोडता. म्हणान तिच्यावर धुक्याचो हात मारलंय."

घावन करपल्याचा वास आला. किशोरीने गॅस बंद केला आणि चित्राजवळ गेली. होडीच्या डावीकडे रंगाचा थर जाड होता. बोटाला खांदा लागला, टोपलीची कड लागली. इतकी वर्षं ती फडक्याने तिथली धूळ पुसत आली होती.

"काका, वरचा रंग खरवडून काढलो तर?"

"खालची पण जायत गो. वरसूनच परत रंगवक व्हयी. नव्या कापडार रंगवन बघलंय, ती येणा नाय. हय ती आसा." त्यांनी उजवा हात डाव्या हातात धरला. "हात आता पयलो रवलो नाय. तुजा चित्र बिघडात पण."

किशोरीचं बोट अजून टोपलीच्या कडेवर होतं. काकांनी चित्राच्या चौकटीला हात लावला.

"दोन दिवस ह्या चित्र माका दी. तिका परत उभी करूची आसा."