गॅलरीतून गेलेली भुलाबाई

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी अमरावतीच्या एका महाविद्यालयातून आमच्या पोलीस ठाण्यात फोन आला. ती तक्रार मी अजून विसरलेलो नाही. त्यांच्या आर्ट गॅलरीने वऱ्हाडातल्या कलावंतांकडून मिश्रमाध्यमातल्या कलाकृती मागवून प्रदर्शन भरवले होते. त्यातल्या एका फलकावरची मूर्ती चोरीला गेली होती.

पंचनाम्याला मी, दोन पंच, प्राचार्य आणि तो फलक करणारी अकोटची तरुण चित्रकार एवढे हजर होतो. फलकावर तरट, सरकी, पत्र्याचे तुकडे आणि मधोमध भुलाबाईची जुनी मातीची मूर्ती तारेने बांधलेली होती. मूर्ती तेवढी जागेवर नव्हती. तार कापलेली नव्हती. नीट सोडून, गुंडाळून ठेवली होती.

प्राचार्यांचा संशय पक्का होता. "किल्ली चौकीदाराकडे असते. मी त्याला कामावरून काढलंच आहे. तुम्ही गुन्हा नोंदवा."

चौकीदार वलगावचा, कंत्राटी. ठाण्यात त्याला चहा दिला. चौकशीला आलेला माणूस सहसा चहा घाईने संपवतो नाहीतर तसाच ठेवतो. हा फुंकून फुंकून प्यायला.

"मूर्ती कुठे आहे?"

"मालूम आहे, साहेब. पर सांगणार नाही."

"काहून?"

"शबूद देला."

हवालदार वैतागले. "अबे, नोकरी गेली तुही. काय घेतलं याच्यात?"

"खिरापत घेतली. खोबरं अन् साखर."

हवालदार हसले. मला हसू आले नाही. माझ्या बहिणी भुलाबाई बसवत. ती महिनाभर माहेरी येते आणि कोजागिरीला गाणी म्हणून, खिरापत वाटून, मूर्ती पाण्यात सोडून तिला सासरी पाठवायची असते. चोर खिरापत वाटत नाही.

मी चित्रकार मुलीला विचारले, "मूर्ती कोणाची?"

"आईची. कोजागिरीच्या आत आणून दे म्हणाली होती. पण प्रदर्शन दिवाळीपर्यंत वाढलं."

तिला घेऊन अकोट गाठले. आई ओसरीवर तांदूळ निवडत होती. जीप पाहूनही उठली नाही.

"मीच नेली. काल दुपारी मी यष्टीनं गेली, तिथंच गाणं म्हटलं, अन् घरी आणून सांजेले नदीत शिरवली. माहेरी आलेल्या पोरीले तारेनं बांधून ठेवता काय?"

"आई, मला विचारायचं तरी."

"तुले विचारलं असतं तं तू नाही म्हटलं असतं."

चौकीदाराचे समजल्यावर मात्र तिने सूप खाली ठेवले. "त्यानं फलक धरला म्हणून तार सुटली. पोरीले मीच सांगीन, तू बोलू नको, असं म्याच म्हटलं. त्या लेकराले काहून धरलं?"

वस्तू तिची, हेतू अप्रामाणिक नाही. गुन्हा दाखल केला नाही. दुसऱ्या दिवशी चौकीदाराला घेऊन गॅलरीत गेलो. प्राचार्यांना मात्र त्याच्याकडून लेखी माफी हवी होती. देऊन टाक, असे मीही सुचवले.

"त्या मायनं पुन्हा म्हटलं तं पुन्हा दार उघडीन," तो म्हणाला. "माफी कायची लिवू?"

मग ती मुलगी आपला फलक भिंतीवरून उतरवू लागली. "माझ्या आईमुळे त्यांची नोकरी जात असेल तर मला इथे काही लावायचं नाही." प्राचार्यांनी तिला थांबवले. मग त्यांनी चौकीदाराला किल्ली परत दिली.

गप्प बसलेला माणूस काहीतरी लपवतो, असे आम्हाला शिकवतात. तो कोणाला सांभाळतो आहे, हेही विचारावे, हे मी त्या दिवशी शिकलो.

कामावरून काढलेल्या दिवसांचा पगार महाविद्यालयाने चौकीदाराला दिला. मूर्तीची भरपाई कोणी मागितली नाही.