कॅप तुटण्याची तीन मान्य कारणं

पद: वरिष्ठ दंत-तंत्रज्ञ (सिरॅमिक). अनुभव: सव्वीस वर्षे. कामाचे स्वरूप: मागणीनुसार दातांच्या कॅप तयार करणे. रुग्णाच्या तोंडाशी संबंध: नाही. मतप्रदर्शनाचा अधिकार: लागू नाही.

दवाखान्याच्या कागदोपत्री हे असं आहे. दवाखान्याच्या मागच्या खोलीतल्या लॅबमध्ये या पदाला भिंगकाकू म्हणतात, कारण डोळ्याला भिंग लावल्याशिवाय त्या माणसांच्या बोलण्यावरही विश्वास ठेवत नाहीत.

एका सकाळी एक शिंपी चुकीच्या दारानं थेट लॅबमध्ये शिरला. वरच्या पुढच्या दाताच्या कॅपचा कोपरा उडालेला, आणि तो तुकडा अस्तराच्या चिंधीत बांधून आणलेला. डॉक्टरांनी त्याला दोन मिनिटांत निकालात काढलं होतं. शिंपी म्हणजे दातानं दोरा तोडणारच. चूक त्याची, दुरुस्ती नाही, कॅप कापून काढू. कॅपखाली दाताचा एवढासा खुंट उरलाय, कापताना तोही जाईल, असं शिंप्यानं म्हणून पाहिलं. दोऱ्यासाठी गळ्यात कात्री असते, हेही सांगून पाहिलं. ऐकतंय कोण?

"बाई, दात गेला तर गेला. पण पोरीसमोर मला खोटं पाडलं हो."

काकूंनी तुकडा भिंगाखाली धरला. सिरॅमिक तुटलं की तुटल्या कडेवर बारीक रेघा पंख्यासारख्या पसरतात. पंख्याची मूठ असते तिथून तडा सुरू झालेला असतो. इथली मूठ मागच्या बाजूला, ड्रिलच्या ओरखड्यावर होती. बसवताना कॅप उंच लागली म्हणून डॉक्टरांनी ती मागून घासली, आणि नंतर पॉलिश करायचा कंटाळा केला.

काकूंचं डोकं फिरलं. तुटलेल्या कॅपच्या फॉर्मवर तीनच कारणं छापलेली: रुग्णाचा निष्काळजीपणा, लॅबचा दोष, नैसर्गिक झीज. डॉक्टर हेही कारण असू शकतं, हे फॉर्म छापणाऱ्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. या फॉर्मनं आजवर कितीतरी बापड्यांकडून न खाल्लेले बदाम आणि न फोडलेली हाडं कबूल करून घेतली होती. 'लॅबचा दोष' तर काकूंनी स्वतःच मुकाट्यानं गिळला होता, एकदा नव्हे, पन्नासदा.

त्या तुकडा, भिंग आणि शिंपी घेऊन तरातरा खुर्चीपाशी गेल्या.

"काकू, तुम्ही कॅप करा," डॉक्टर म्हणाले. "तोंड आमच्याकडे."

"तोंड ठेवा तुमच्याकडेच. डोळा इथे लावा."

डॉक्टरांनी लावला. बराच वेळ काढला नाही. मग हातमोजे चढवले.

दात ओला आहे तोवर रंग ठरवा, सुकला की फसवतो, एवढं काकूंनी मागून बजावलं. डॉक्टरांनी तुटकी कड खरवडली, आम्ल लावून धुतली, दाताच्या रंगाचा लेप थरावर थर चढवून निळ्या दिव्याखाली घट्ट केला. शेवटी पॉलिश. पुढून झाल्यावर ते थांबले. काकू हलल्या नाहीत. मग मागूनही झालं.

शिंप्यानं आरशात पाहिलं, ओठावरून जीभ फिरवली आणि म्हणाला, "आता पोरीला सांगा."

डॉक्टर बाहेर बाकापाशी गेले आणि दोऱ्यानं काही झालं नव्हतं, असं मुलीला सांगून आले. कशानं झालं, ते सांगायचं तेवढं राहिलं.

फॉर्म मात्र भरावाच लागतो. डॉक्टरांनी तिसऱ्या कारणापुढे खूण केली: नैसर्गिक झीज.

कॅप बसवून सात महिने झाले होते.