लेकीचा खुबा आणि माझं तोंड

आज आमच्या तीन महिन्यांच्या लेकीला आखाडा बाळापूरहून हिंगोलीला नेलं. तिच्या खुब्याची सोनोग्राफी झाली. तेव्हापासून मान वर करावी वाटत नाही, म्हणून इथं लिहितोय.

दीड महिन्यापूर्वी तिची मालीश करणाऱ्या कांतामावशी म्हणाल्या होत्या, "गुरुजी, लेकराची डावी मांडी बराबर उघडून न्हाई राहिली. आत कट्ट वाजतंय. दाखवून आणा."

मी शाळामास्तर. म्हणालो, "तुमीच ओढलं असंल." वर उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. बायको सोनोग्राफीचं बोलली, तर ती पोटाची असते म्हणून तिलाही हसलो.

आज डॉक्टरबाईंनी पडद्यावर दाखवलं. मांडीच्या हाडाचा गोळा खोबणीत नीट बसलेला नाही. "मालीशनं झालेलं नाही हे. पट्ट्यानं बसेल, पण आधीच आणायचं होतं." मांड्या उघड्या ठेवणारा तो पट्टा त्यांनी तिथंच बांधून दिला.

परतताना मावशींच्या दारात थांबलो. त्यांनी लेकीला घेतलं, पट्टा हलक्या हातानं चाचपला आणि विचारलं, "गुरुजी, हा असताना मालीश कशी करायची, डॉक्टरला विचारलं का?"

मी विचारलं नव्हतं. माफीही अजून मागितलेली नाही. तुम्ही कशी मागितली असती?