ढोली गेली, आई राहिली

माणूस घर सोडतो, पण घर माणसाला सोडत नाही. ज्याने हे पहिल्यांदा म्हटलं, त्याने सामान हलवलेलं नसावं. आमच्या घराने तर सामानच सोडलं नाही.

कार्तिकातली सकाळ. दवनीवाड्यात आमच्या दारापुढे मूव्हर्सचा ट्रक उभा होता, ट्रकपुढे चार माणसं, आणि पुढच्या खोलीत ढोली. ढोली म्हणजे धान साठवायची बांबूची मोठी कोठी, शेणमातीने लिंपलेली, माझ्या खांद्याएवढी उंच आणि साडेचार फूट रुंद. दार तीन फुटांचं. हे दोन आकडे त्या घरात माझ्या जन्माआधीपासून शेजारी राहत होते, आणि कुणीही त्यांची ओळख करून दिली नव्हती.

बाबा गेल्यावर तीन वर्षं मी आईला नाशिकला चल म्हणत होते. ती म्हणायची, "लेकीच्या घरी पाहुणी म्हणून येत नाही मी." शेवटी तयार झाली, पण एका अटीवर. "ढोली घेऊन चल. आपलं धान, आपल्या ढोलीतून काढून खाईन. मंग कोणी काही म्हणणार नाही." नाशिकच्या फ्लॅटमध्ये ते धान भरडणार कुठे, हे मी विचारलं नाही. तीन वर्षांनी मिळालेला होकार होता.

तुमच्यापैकी जे गाव सोडून निघाले, त्यांना ठाऊक असेल, हल्ली स्थलांतर ॲपवर होतं. ॲपच्या यादीत सोफ्याचे सहा प्रकार होते, ढोलीचा एकही नव्हता. मी 'लाँड्री बास्केट, मोठी' निवडलं. व्हिडिओ कॉलवर सर्व्हे करणाऱ्याला ती लांबून दाखवली. तो म्हणाला, "ठीक है, बास्केट, एक नग." मी शिकलेली बाई. टेप घेऊन दार मोजायचं मला सुचलं नाही.

गोंदियाहून आलेल्या माणसांच्या मुकादमाने ढोलीला एक फेरी मारली, दाराकडे पाहिलं, पुन्हा ढोलीकडे पाहिलं.

"मैडम, ये बाहर से नहीं आई है. ये तो अंदर ही पैदा हुई है."

खरंच होतं. बुरडाने आमच्याच खोलीत बसून ती विणली होती. ती कधी बाहेर जाईल, असं कुणाला वाटायचं कारणच नव्हतं.

"पैदा झाली त बाहेर बी येईल," आई म्हणाली.

तासभर त्यांनी ढोली आडवी, तिरपी, उलटी करून पाहिली. मुकादम कापायची भाषा करू लागला, तेव्हा आई ढोलीला पाठ लावून उभी राहिली. मी चिडून म्हटलं, "आई, नाशिकला नवी कोठी घेऊ. स्टीलची."

"कायले वं? मलेबी नवीच घेशील का?"

मग तिनेच मार्ग काढला. "चौकट काढा." बाबांनी हौसेने बसवलेली सागवानी चौकट निघाली, बाजूच्या विटा निघाल्या, आणि ढोली अंग चोरत अंगणात आली. आईने तिच्यावरची धूळ पदराने पुसली. मुकादमाने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. घराला आता दार नाही, हे टाळ्या संपल्यावर लक्षात आलं.

सुतार कापणीवर गेला होता. कापणीच्या दिवसांत आमच्याकडे सुतार सुतार नसतो, न्हावी न्हावी नसतो. सगळे धानाच्या बांधीत, म्हणजे शेतात असतात. उघडं घर टाकून निघणार कसं? माझी रजा दुसऱ्या दिवशी संपत होती. आई भिंतीतल्या भगदाडात खुर्ची टाकून बसली आणि म्हणाली, "तू हो पुढं. दार बसलं की येईन." तीन वर्षं जिला हलवत होते, ती तिथेच राहिली. गेली फक्त तिची अट.

नाशिकला ढोली लिफ्टमध्ये मावली नाही, जिन्याच्या वळणावर अडली, आणि माझ्या फ्लॅटचं दार तर दवनीवाड्याच्या दारापेक्षाही अरुंद निघालं. इथली चौकट काढायला सोसायटीची परवानगी लागते. सध्या ढोली पार्किंगमध्ये माझ्या गाडीच्या जागी उभी आहे आणि गाडी रस्त्यावर. सोसायटीच्या ग्रुपवर ती कलाकृती आहे की कचरा, यावर चर्चा चालू आहे. कलाकृतीच्या बाजूने मी एकटी.

आईचा रोज फोन येतो. मी रोज विचारते, कधी येतेस?

"ढोली गेली का घरात?"

"पार्किंगमध्ये आहे."

"मंग मी का पार्किंगमध्ये राहू?"

माझ्याकडे चिडचिड आहे, ती भरपूर आहे. मूव्हर्सवर, ॲपवर, सोसायटीवर. आणि थोडी स्वतःवर, की आईला माझ्याकडे जागा आहे का, हे मी खोल्या मोजून ठरवलं. घर म्हणजे आपलं माणूस असतं तिथे, असं मी ऑफिसात सांगत असे. हल्ली सांगत नाही.

परवा तिने सांगितलं, सुतार येऊन गेला, दार बसलं. मी आनंदाने तिकिटाचं विचारलं. ती म्हणाली, "पाहू. सध्या धान निघून राहिलं ना." मग शेजारणीकडून फोटो पाठवला. बाबांची चौकट सुताराने पुन्हा बसवलेली नाही, ती भिंतीला टेकून ठेवली आहे.

नवं दार पाच फूट रुंद आहे.