मुकं स्टिअरिंग

मालकांच्या दारात उघड्या टपाच्या दोन मोटारी उभ्या होत्या आणि त्यांतली एकच राहणार होती. कुठली, ते मी सांगायचं होतं. मी त्यांचा ड्रायव्हर. वखारीमागं त्यांच्याच खोलीत बायको आणि दोन पोरींना घेऊन राहायचो. मालक सुताचे व्यापारी, घरात कानडी, दुकानात मराठी, आणि गाडीतलं त्यांना ओ की ठो कळत नसे. "आठ दिवस दोन्ही चालव. तुझा हात म्हणेल ती ठेवू," असं त्यांनी धाकट्या मालकांच्या समोर सांगितलं. नवी गाडी धाकट्यांनीच मुंबईहून आणलेली, कुण्या परक्या वकिलातीतल्या साहेबाची. त्यांचं तोंड एवढंसं झालं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

जुनी मी बारा वर्षं चालवत होतो. विलायती, दोन माणसांची. पाऊस आला की खाली उतरायचं, मागून सांगाडा उभा करायचा, कापड ताणायचं, एकेक बटण लावायचं. तोवर पाऊस थांबलेला आणि मालक भिजलेले. चालत्या गाडीत पहिला गिअर घालायचा तर क्लच दोनदा दाबायचा, मधे रेस द्यायची, सासूची समजूत काढावी तसं. जमलं नाही तर अशी करकरायची की वखारीतले हमाल हसायचे. स्टिअरिंग जड, पण काय बोलकं! अक्कलकोट रोडला चाकाखाली खडी आली, माती आली, डावं चाक डांबराच्या काठावरून उतरलं, सगळं तळहाताला आधी कळायचं, डोळ्यांना मागून. ब्रेक मारला की डावीकडं ओढायची, आणि किती ओढणार तेही हाताला ठाऊक असायचं.

नवीचा टप दोन आकड्यांवर अडकवलेला होता. सोडला की गेला मागं. गिअर एका बोटानं पडायचे. ब्रेक सरळ. खड्ड्यातून गेली तरी मालकांच्या मांडीवरचा नारळ जागचा हलत नसे. एवढं सगळं चांगलं आणि स्टिअरिंग मुकं. हातात चाक आहे की पोळपाट, काही कळेना.

पहिल्याच गुरुवारी अक्कलकोटहून मठाचं दर्शन करून येताना मी सांगून टाकलं, "मुकी हाय गाडी, मालक."

"हौदा?" मालक म्हणाले. नवल वाटलं की ते कानडीतच विचारत, खरंच का म्हणून.

"व्हय की. रस्ता काय सांगतच न्हाय. असली गाडी घेऊन काय आरती ववाळायची?"

मी तोंडाचा फटकळ, आणि मालकांना ते आवडायचं.

चार दिवसांनी जुनी बाहेर काढली. एकटाच होतो. स्वतःच्या घरी आल्यासारखं बसलो, टप आधीच उतरवलेला, सकाळचं ऊन. वळसंगच्या अलीकडं डावं चाक काठावरून खाली गेलं आणि ते मला गाडी कलल्यावर कळलं. परत वर घेतली. मुद्दाम खडीवरून नेली. हादरा खांद्याला आला, हाताला काहीच नाही. जुनी गाडीही मुकी झाली होती.

डोकं सणकलं माझं. मागच्याच आठवड्यात मिस्त्रींनी तिचं स्टिअरिंग खोलून ग्रीस भरलं होतं. तसाच त्यांच्या गॅरेजात शिरलो. म्हातारा माणूस, मला धंदा शिकवलेला, पण त्या दिवशी मी काही बघितलं नाही. बॉनेट उघडलं आणि तोंड सुरू केलं. बारा वर्षांची गाडी बिघडवलीत, डोळे गेले असतील तर घरी बसा, असलं काय काय बोललो. ते ऐकून घेत होते. मग एकदम ओरडले, "हाथ उठा! हाथ!"

मला वाटलं मारायलाच येतायत. त्यांनी माझं मनगट धरून ओढलं. बोलता बोलता उजव्या हाताची कड मी इंजिनाच्या तापलेल्या पाइपावर टेकवली होती. कातडी पाइपाला चिकटून राहिली. जळकट वास मलाही आला होता, मला तो ग्रीसचा वाटला होता.

मिस्त्री स्वतः गाडी घेऊन एक चक्कर मारून आले. उतरले आणि हळू आवाजात म्हणाले, "गाडीकू कुछ नै हुआ. तेरे हाथकू क्या हुआ?"

सहा महिन्यांपासून करंगळीला मुंग्या येत होत्या. दारावर कोपर टेकवून चालवायची सवय, त्यानं येत असतील, असं मी धरून चाललो होतो.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी डोळे मिटायला लावले. "कापूस लागला की सांगा." मी वाट बघत बसलो. शेवटी म्हणालो, "लावा की, साहेब." ते म्हणाले, "तीनदा लावून झाला." मग त्यांनी कोपरामागची शीर चाचपली, सुतळीसारखी जाड लागत होती, आणि रोगाचं नाव सांगितलं. महारोग. औषध आहे, गोळ्या नेमानं घेतल्या तर रोग थांबेल, घाबरू नका, असंही म्हणाले. हात पूर्वीसारखा होईल असं मात्र म्हणाले नाहीत. माझ्या डोळ्यांत पाणी यायला हवं होतं. मी विचारलं, गोळ्या जेवणाआधी घ्यायच्या की नंतर.

हे नाव वखारीत कळलं असतं तर खोली गेली असती, नोकरी गेली असती, पोरींच्या शेजारी शाळेत कुणी बसलं नसतं. आणि असल्या हातानं जुनी गाडी चालवली असती तर एक दिवस मालकांना घेऊन ओढ्यात गेलो असतो. नवी नुसत्या डोळ्यांवर चालत होती. मुक्या गाडीला मुका हात पुरतो.

आठव्या दिवशी मालकांनी विचारलं. मी म्हणालो, "नवी ठेवा."

"अरे, मुकी म्हणालास ना?"

"सवय न्हवती, मालक. चुकलंच माझं. जुनीत आता काय राम न्हाय."

बारा वर्षांच्या गाडीला मी हे म्हणालो. लाज वाटली का, तर त्या क्षणी काहीच वाटलं नाही, लाज फार नंतर आली. धाकटे मालक हसत आत गेले. मालक मात्र माझ्याजवळ आले. चूक कबूल करायला मोठं मन लागतं म्हणाले, आणि पट्टी बांधलेला माझा हात त्यांनी दोन्ही हातांत घेतला. दाबला, मग पट्टी बघून एकदम सैल सोडला.

"दुखतंय काय रे?"

"न्हाय, मालक," मी म्हणालो. त्या दिवशी मी त्यांच्याशी जे बोललो त्यात तेवढंच खरं होतं.